समुद्रफूल वनस्पती नाही, प्राणी आहे

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी मुलांच्या पानावर क्लाउनफिशचा सुंदर फोटो होता. खाली मात्र ‘समुद्री वनस्पतीत लपलेला मासा’ असं छापलं होतं. मासा ज्यात लपला होता ते समुद्रफूल (सी ॲनिमोन) आहे; ती वनस्पती नाही, तो प्राणी आहे. त्याच्या मऊ बोटांत डंखपेशी असतात. लहान मासा शिवला की लुळा पडतो आणि त्याच्या तोंडात जातो. क्लाउनफिशच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, म्हणून त्याला डंख बसत नाही आणि तो समुद्रफुलातच निजतो. बदल्यात समुद्रफूल कुरतडायला येणाऱ्यांना तो हुसकावून लावतो. त्याने टाकलेल्या अमोनियावर समुद्रफुलाच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ पोसतं आणि ते शेवाळ उन्हावर अन्न करून समुद्रफुलाला देतं.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतली दोन पोरं माझी टाकी बघायला आली आणि ‘ते झाड कुठे मिळतं’ विचारू लागली, म्हणून हे पत्र. झाड समजूनच लोक ते विकत आणतात.

मी स्वतः ते आणलं होतं, तीन वर्षांपूर्वी, साठ लिटरच्या टाकीत. मे महिना, धुळ्याचं ऊन. पाणी रोज आटायचं, मीठ मात्र तेवढंच राहायचं, त्यामुळे खारटपणा वाढत गेला. त्यात एका दुपारी चार तास लाईट गेली. तपकिरी समुद्रफूल दोन दिवसांत पांढरं पडलं, कारण उष्म्याने आतलं शेवाळ निघून जातं. टाकीतल्या क्लाउनफिशच्या जोडीतली मादी कोळंबीचा तुकडा तोंडात धरून त्याच्याकडे न्यायची, ठेवायची, तो खाली पडला की पुन्हा उचलायची. नातू म्हणाला, ‘‘आबा, हाई फूल मरी गयं का?’’ सकाळी टाकीला कुजका वास येत होता. समुद्रात हाच जीव कित्येक दशकं जगतो.

मासे वाचले. टाकीत शिकारी नसतो, त्यामुळे समुद्रफुलाशिवाय त्यांचं भागतं. हौस असेल त्याने हॅचरीत वाढवलेले मासे घ्यावेत. तमिळनाडूतल्या मंडपमच्या सरकारी सागरी संशोधन केंद्रात क्लाउनफिशची पैदास केव्हाच जमली आहे. माझी जोडी आता माठाच्या खापरावर अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर त्या अंड्यांना पंखांनी वारा घालतो.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त वायरमन, देवपूर, धुळे