टोपी, बॉल पावडर आणि थंडी

देवळाली कॅम्प, नाशिक
१४ डिसेंबर

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू जे सांगितलेस, त्यावर मी दोन वाक्यांतच उत्तर दिले आणि ते मला नंतर झोपू देईना. तिकडे अमेरिकेत, मोंटानात, उणे वीस अंशांच्या पहाटे तू स्वतः भरलेले .३०-०६ मापाचे रायफलीचे काडतूस लावून घोडा ओढलास, आधी नुसता ‘टक्’ आवाज आला आणि श्वासभराच्या अंतराने बार उडाला. तुझ्या मित्राने लगेच सांगितले की बॉल पावडर, म्हणजे गोल दाण्यांची बंदुकीची दारू, आहे ना, मग मॅग्नम प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसून दारू पेटवणारी जास्त जोरकस टोपी, लाव, प्रश्न मिटला. त्याचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे, आणि दारूच्या कामात अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घातक ठरते, कारण ते एकदोनदा चालून जाते.

आधी त्या ‘टक्’बद्दल. याला आपण हँगफायर म्हणतो. टोपी पेटली, पण दारूने लगेच आग घेतली नाही. असे झाले की नळी निशाणाकडेच रोखून धरायची आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागची कडी मागे ओढायच्या दांड्याला, किमान ३० सेकंद हात लावायचा नाही. मी तर पूर्ण मिनिट मोजायला सांगेन. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका सराव मैदानावर, मी स्वतः मनातल्या मनात घाईने मोजत पंचविसावरच हात पुढे केला होता, आणि माझ्या हवालदारांनी तो मनगटापाशी असा धरला की चार दिवस तिथे बोटांचे वळ होते. त्या वेळी बार उडालाच नाही. पण उडाला असता, तर तुला हे पत्र लिहिणारा हात राहिला नसता.

आता टोपीला दोष देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घे. तू रायफल ऑक्टोबरात साफ केलीस तेव्हा बोल्टच्या आत ग्रीस भरले होतेस का? उणे वीसला साधे ग्रीस मेणासारखे घट्ट होते, स्ट्रायकर, म्हणजे टोपीवर आदळणारी आतली सुई, सुस्तावतो आणि टोपीवर ठोका अर्धवट बसतो. अशा वेळी जगातली सर्वांत तेज टोपीसुद्धा रडेल. थंडीपुरता बोल्ट आतून पूर्ण कोरडा ठेव. दुसरे म्हणजे टोपी पितळी केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) घरात पुरती बसली आहे का, हे बोटाच्या टोकाने चाचपून पाहा. ती केसच्या तळाशी समपातळीत नसून इंचाच्या तीन ते पाच हजारांश भागाइतकी आत असावी, म्हणजे टोपीच्या आतली इवलीशी ऐरण, जिच्यावर ठोका बसून मिश्रण पेटते, तळाला टेकते. वर राहिलेली टोपी पहिल्या ठोक्याची ताकद स्वतः खाली सरकण्यातच घालवते. तिसरे, वापरलेली केस साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना (साइझ करताना) लावलेले वंगण बोटांना असतानाच तू टोप्या हाताळत नाहीस ना? या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तरच पुढचे वाच.

बॉल पावडर पेटायला जड का, हे ती तयार कशी होते ते कळल्याशिवाय समजणार नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी ही पद्धत काढली. नायट्रोसेल्युलोज इथाइल अॅसिटेटमध्ये विरघळवायचे, तो घट्ट रस पाण्यात घुसळायचा, म्हणजे ताकात लोण्याचे कण धरतात तसे त्याचे गोल थेंब तयार होतात, आणि मग विद्रावक उडवून लावला की घट्ट गोळ्या उरतात. बरेचसे काम पाण्याखाली चालत असल्यामुळे ते तुलनेने सुरक्षित आणि झटपट होते. पण गोल दाण्यात एक मूळचाच दोष असतो. तो जळू लागला की त्याचा पृष्ठभाग कमी कमी होत जातो, म्हणजे वायू सुरुवातीला भरपूर आणि नंतर थोडा निर्माण होतो, आणि रायफलला हवे असते नेमके उलटे. म्हणून दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणे मंदावणारे रसायन मुरवतात, आणि बहुतेक बॉल पावडरींचे दाणे रुळांखाली दाबून चपटेही करतात. त्या मंदावणाऱ्या थरामुळेच दारू सुरुवातीला धीराने आणि नंतर जोमाने जळते. पण टोपीची ज्वाळा ज्याला सर्वांत आधी भिडते, तो थर नेमका पेटायला सर्वांत नाखूश असलेला थर असतो, ही यातली मेख आहे.

शिवाय हे दाणे एकमेकांत घट्ट बसतात. मापातून वाळूसारखे सरसर ओततात आणि माप कधी चुकत नाही, यासाठीच तर तुला ही दारू आवडते. पण काड्यांसारख्या लांबट दाण्यांच्या दारूत ज्वाळेला शिरायला जितक्या फटी मिळतात, तितक्या इथे मिळत नाहीत.

तू लहान असताना निफाडला मामाच्या द्राक्षबागेत आपण डिसेंबरातल्या रात्री शेकोट्या पेटवायला जायचो, ते आठवते का? पारा चार-पाच अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून मामा बागेच्या कडेने ओला पालापाचोळा आणि बाभळीची ओंडकी रचून ठेवायचा. तू आगपेटीतल्या काड्यांमागून काड्या ओढायचास, ओंडक्याचे साल नुसते काळे पडायचे. मग मामा येऊन वाळलेल्या तुराट्यांची मूठभर जुडी पेटवून तळाशी सारायचा आणि ती विझेपर्यंत ओंडक्याने आग धरलेली असायची. तुराटीची आग काडीपेक्षा फार तप्त असते असे नाही. ती जास्त वेळ टिकते आणि जास्त जागी पोहोचते. मॅग्नम टोपीचे काम बरेचसे असेच आहे.

साध्या टोपीत मुख्यतः लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते. मॅग्नम टोपीत एकतर हे मिश्रण जास्त भरतात, किंवा ज्याचे तप्त कण अधिक काळ उडत राहतील असे घटक त्यात घालतात. तुझ्या केसमध्ये ५० ते ६० ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅमच्या) घरात मंद जळणारी दारू भरलेली असते. म्हणजे दारू जास्त, तिच्यावर मंदावणारा थर, बाहेर हाडे गोठवणारी थंडी, आणि दारू दाट असल्याने केसमध्ये वर मोकळी राहिलेली थोडी जागा. या चौघी एकत्र आल्या की साधी टोपी कधी पुरते, कधी नाही. तुझे ते काडतूस ‘कधी नाही’मधले होते. तोफखान्यात १५५ मिलिमीटरच्या तोफेच्या कापडी पिशवीत भरलेल्या दारूच्या बुडाशी काळ्या दारूची वेगळी गादी शिवलेली असते, तीही याच कारणासाठी. प्रायमर आधी तिला पेटवतो आणि ती मोठ्या दारूला पेटवते.

म्हणून तुझ्या मंद बॉल पावडरला, आणि विशेषतः हिवाळ्यातल्या शिकारीला, मॅग्नम लार्ज रायफल टोपी योग्य, हे मला मान्य आहे. सीसीआयची २५०, फेडरलची २१५ किंवा रेमिंग्टनची साडेनऊ-एम यांपैकी जी तुझ्या दारूच्या पुस्तकात त्या भारासाठी, म्हणजे दारूच्या त्या मापासाठी, छापलेली असेल, तीच घे. विंचेस्टरची लार्ज रायफल टोपी साध्या आणि मॅग्नम दोन्ही भारांसाठी म्हणूनच विकली जाते, त्यामुळे तिथे ‘ही मॅग्नम आहे की नाही’ हा वाद घालत बसू नकोस. पण बॉल पावडर म्हटली की मॅग्नमच, असा नियम करू नकोस. तुझा मित्र .२२३ या छोट्या काडतुसात एच-३३५ ही बॉल पावडर भरतो. ती केस लहान आणि दारू त्यामानाने तेज, त्यामुळे तिथे साध्या स्मॉल रायफल टोपीवर उत्तम भार बसतात आणि अनेक पुस्तके तीच सांगतात. टोपी ‘जोरकस’ आहे म्हणून निवडायची नसते. ती याच दारूची, याच केसमधली आणि याच हवेतली हवी.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट. टोपी बदललीस की तुझे जुने काडतूस संपले. आतली दारू तेवढीच, गोळी तीच, केस तीच असली तरी दाब वेगळा येईल, आणि तुझा सध्याचा भार पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या जवळ असेल, तर नुसत्या टोपीने तू मर्यादा ओलांडू शकतोस. म्हणून पुस्तकात त्या टोपीसह दिलेल्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढ. बोल्ट उघडताना जड लागला, उडालेल्या टोपीची गोल कड सपाट झाली किंवा ठोक्याच्या खड्ड्याभोवती उंचवटा आला, तर तिथेच थांबून खाली उतर. मात्र टोपी सपाट दिसत नाही म्हणजे दाब कमी, असा उलटा निष्कर्ष काढू नकोस. टोपीच्या कपाचा पत्रा प्रत्येक कंपनीत सारखा जाड नसतो. आणि सावधगिरी म्हणून सुरुवातीच्या भाराच्याही खाली जाऊ नकोस. मंद दारू कमी भरून केस रिकामी ठेवली की पेटणे आणखी बेभरवशाचे होते, आणि आपण ज्या दुखण्यावर औषध शोधत होतो तेच वाढवून बसतो.

एकच घटक बदलला की पूर्ण यंत्र बदलते, याचे सर्वांत महागडे उदाहरण अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचे आहे. १९६४ मध्ये तिच्या काडतुसात काडीसारख्या दाण्यांच्या दारूऐवजी बॉल पावडर आली. गोळीचा वेग ठरल्याइतकाच राहिला, पण रायफल ठरल्यापेक्षा जलद गतीने झडू लागली आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूनळीत, म्हणजे ज्या नळीतून आलेला वायू बोल्ट मागे ढकलतो तिच्यात, साचू लागला. चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या घराला, क्रोमचा मुलामा नव्हता, अनेकांकडे साफसफाईचे साहित्यही नव्हते, आणि व्हिएतनाममध्ये रायफली ऐन चकमकीत अडकल्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. दारू वाईट नव्हती. पुढे तिच्यातले कार्बोनेट कमी करून ती वापरात राहिलीच. बदल करताना बाकीच्या यंत्राला कोणी विचारले नव्हते.

तुझी चाचणी अशी कर. साध्या टोपीची १० आणि मॅग्नमची १० काडतुसे, दोन्ही आपापल्या पुस्तकी भारात, केसवर वेगवेगळ्या रंगाची खूण करून, कुलपाच्या पेटीत रात्रभर बाहेर गारठू दे. सकाळी ती क्रोनोग्राफवरून, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून, झाड आणि प्रत्येक गोळीचा वेग लिही. सरासरी वेगाकडे पाहून खूश होऊ नकोस. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ गोळीत किती फरक आहे ते पाहा. तो फरक जिथे कमी, ती टोपी तुझी. त्यातली निम्मी झाडताना आधी नळी वर करून मग हळूच आडवी कर, म्हणजे दारू तळाला टोपीपाशी बसेल. उरलेली निम्मी नळी खाली करून मग आडवी कर. दोन्ही रीतींत वेग सारखा आला, तर पेटणे पक्के झाले असे समज. नळी प्रत्येक वेळी मैदानाच्या दिशेनेच असेल, हे तुला वेगळे सांगायला नको.

टोप्या त्यांच्या मूळ खोक्यांतच ठेव. २०२० नंतर तिकडे टंचाई झाली होती म्हणून मिळतील तशा घेऊन काचेच्या बरणीत ओतून ठेवणारे लोक आहेत, असे तू सांगितले होतेस. सुट्या टोप्या एका भांड्यात म्हणजे एक पेटली की सगळ्या एकदम पेटणार. खोक्यात त्यांना वेगळे ठेवलेले असते ते उगाच नाही. आणि उन्हाळ्यात इकडे येशील तेव्हा त्यातली एकही टोपी, एकही रिकामी केस बॅगेच्या कप्प्यात राहिलेली नको. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर ‘तो तर माझा छंद आहे’ हे कोणी ऐकून घेणार नाही. बॅग भरण्यापूर्वी ती उलटी करून झटक. शिकारीला नेलेली बॅग असेल तर ती आणूच नकोस.

आई म्हणते की एवढे सगळे लिहिलेत, तर त्याने हातमोजे घातले का तेही विचारा. तर घालत जा. क्रोनोग्राफचे वीसही आकडे मला पाठव, नुसती सरासरी नको.

तुझा,
बाबा