वसुली आणि तपासणी: आशियाई पायाभूत सुविधा बँकेच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
श्रीमती त्सोऊ जियायी,
अध्यक्ष, आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक,
बीजिंग

स. न. वि. वि.

आपण 16 जानेवारी 2026 पासून बँकेची सूत्रे हाती घेतलीत. बँकेचे दार उघडले तेही 16 जानेवारीलाच, 2016 साली. पहिली दहा वर्षे जिन लीछ्युन यांची. आता आपण, आणि या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या महिला. अभिनंदन उशिराचे आहे, पण मनापासून आहे.

मी पालघर जिल्ह्यात राहतो. सहकारी पतसंस्थांच्या हिशेबतपासणीत माझा जन्म गेला. त्यामुळे कोणी मोठ्या बँकेचा प्रमुख झाला की मी आधी एक गोष्ट बघतो: हा माणूस कर्जाच्या टेबलावरून आला की तपासणीच्या? आपल्याबाबतीत दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपण चीनच्या अर्थमंत्रालयात वर्षानुवर्षे आंतरराष्ट्रीय कारभार पाहिलात आणि जागतिक बँकेत चीनच्या कार्यकारी संचालक होतात. मग आपल्याला पर्यवेक्षण मंत्रालयात उपमंत्री केले गेले. सरकारी बाबूंच्या फायली उघडून बघायच्या, हे त्या खात्याचे काम. मार्च 2018 मध्ये ते खाते राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोगात विलीन झाले आणि त्याच वर्षी आपण उपअर्थमंत्री म्हणून हिशेबाकडे परतलात. पुढे चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेत उपमहासचिव झालात आणि तिथून थेट या बँकेत आलात.

आमच्याकडे असा प्रवास क्वचितच होतो. अर्थखात्यातला अधिकारी दक्षता विभागात गेला की लोक म्हणतात, साहेबांना बाजूला टाकले. आपल्याला मात्र तिकडून परत बोलावून वर चढवले गेले.

आता आमच्याकडचे सांगतो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत दोनच रूळ आहेत. त्यांवरूनच दिल्लीकडची राजधानी जाते, गुजरातच्या मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि आमची लोकलही जाते. डहाणू लोकल एप्रिल 2013 मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण लोकल आली म्हणून रूळ वाढत नाहीत. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल बाजूला काढतात. वैतरण्याला, नाहीतर सफाळ्याला, गाडी उभी. पहाटेच्या गाडीला मालडब्यात केळव्याच्या विड्याच्या पानांच्या करंड्या आणि भाजीच्या पाट्या असतात. समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली की बायका पानांवर पुन्हा पाणी शिंपडतात, कारण दादरला पोचेस्तोवर पान मलूल झाले तर भाव अर्धा. बोईसरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचा लेटमार्क वेगळाच.

या दोनाचे चार रूळ करण्याच्या कामात आपल्या बँकेचा पैसा आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातले हे सुमारे 64 किलोमीटर. केंद्रीय मंत्रिमंडळाने हा टप्पा डिसेंबर 2016 मध्ये मंजूर केला. आपल्या बँकेच्या 50 कोटी डॉलरच्या कर्जावर सह्या झाल्या 24 ऑगस्ट 2020 रोजी. पनवेल–कर्जतची उपनगरी मार्गिका आणि रूळ ओलांडताना होणारे मृत्यू रोखण्याची कामेही त्यातच.

ती तारीख मी मुद्दाम लिहिली. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये आमचे 20 जवान धारातीर्थी पडले. त्याच आठवड्यात आपल्या बँकेने भारताला करोनासाठी 75 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महिनाअखेरीस चिनी ॲपवर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये आमच्या रुळांच्या करारावर सह्या झाल्या. नाक्यावर चहा पिताना लोक याला सरकारचा दुटप्पीपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. ही बँक चीनची नाही, चीन तिच्यातला सर्वांत मोठा भागधारक आहे. सुमारे 26 टक्के मते चीनची, साडेसात टक्क्यांच्या आसपास आमची, म्हणजे दुसरा क्रमांक भारताचा. कर्ज घेण्यात तर आमचाच पहिला. बेल्ट अँड रोड या चीनच्या रस्ते-बंदरे बांधण्याच्या योजनेपासून भारत बाहेर राहिला आणि इथे आत बसला, यात मला शहाणपण दिसते. 2018 च्या जूनमध्ये बँकेची वार्षिक सभा मुंबईतच भरली होती.

पण 26 टक्क्यांचे गणित भागधारकाला कळते. महत्त्वाच्या ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे जे चीनला नको, ते होणार नाही. त्यात संचालक मंडळ बीजिंगला मुक्कामी नसते. जगभरातून अधूनमधून जमते. जागतिक बँकेतल्यासारखे संचालक रोज वरच्या मजल्यावर बसलेले नाहीत. खर्च वाचतो, कबूल. पण रोजचे राज्य अध्यक्षांचे, म्हणजे आपले. जून 2023 मध्ये बँकेचा कॅनेडियन जनसंपर्क प्रमुख राजीनामा देऊन देश सोडून गेला आणि म्हणाला की आत चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या माणसांचा वरचष्मा आहे. कॅनडाने व्यवहार थांबवले. बँकेने अंतर्गत तपास केला आणि आरोपांत तथ्य नाही असे जाहीर केले. खरे-खोटे मी इथून काय सांगणार? पण पतसंस्थेवर आरोप झाले आणि संस्थेच्याच माणसांनी तपासून संस्था निर्दोष ठरवली, तर तो अहवाल मी कधी मान्य केला नसता. आपणही, त्या जुन्या खात्यात असताना, केला नसता.

माझे मागणे तपासणीबद्दलच आहे. आपण शिकलात ती तपासणी वरून खाली येते. वरिष्ठ बघतात, कनिष्ठ घाबरतो, फाईल सरळ होते. मोठा पैसा खाणाऱ्यांना तिने आळा बसत असेल. पण सफाळ्याला नव्या रुळासाठी कोणाच्या घराची भिंत गेली, भरपाई बापाच्या नावावर आली आणि बाप वारलेला आहे, आदिवासी पाड्याची पायवाट भरावाखाली गेली, शाळेत जायला पोरांना किलोमीटरभर वळसा पडतो, हे वरून दिसत नाही. ते सांगायला खालून कोणीतरी यावे लागते आणि त्याला येऊ द्यावे लागते.

त्यासाठी बँकेने डिसेंबर 2018 मध्ये प्रकल्पबाधितांसाठी तक्रारीची व्यवस्था मंजूर केली. कागदावर ती चांगली आहे. पण पायऱ्या मोजा. आधी प्रकल्पाच्या पातळीवरच्या तक्रार निवारणाकडे जा. मग बँकेच्या व्यवस्थापनाकडे जा. तिथेही काही झाले नाही, तर मग ही व्यवस्था. आणि तिथे एकट्याचे चालत नाही, किमान दोन बाधित हवेत. हे सगळे करायचे कोणी? तर ज्याला तलाठ्याकडून सातबारा काढायला तीन खेपा पडतात त्याने.

मी त्या मार्गावर सहज विचारून पाहिले, या कामाला पैसा कोणाचा? मालडब्यातली एक मावशी म्हणाली, "सरकारचा, आणखी कोणाचा?" तिचे चूकही नाही, फेडणार तर सरकारच आहे. पण आपल्या बँकेचे नावच जिथे पोचलेले नाही, तिथून तक्रार आली नाही म्हणजे तक्रारच नाही, असा शेरा कोणी मारला तर तो तपासनीस कच्चा. हिशेबतपासणीत आम्ही कोऱ्या तक्रारवहीला नेहमी भ्यायचो. जिथे वही कोरी, तिथे ती बहुधा मॅनेजरच्या कपाटात कुलपात असायची.

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण आमच्याकडे प्रश्न विचारला की लगेच विकासविरोधी ठरवतात. चार रूळ आम्हाला हवेतच, कालच हवे होते. मंजुरीला नऊ वर्षे उलटून गेली आणि काम अजून चालूच आहे. उशिराची कारणे आपल्या बँकेत नाहीत, ती इथेच आहेत: जमीन ताब्यात येणे, वनखाते, तिवरांची परवानगी. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही तिवरे तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. खाडीकाठच्या माणसाला तिवरांची किंमत पावसाळ्यात कळते.

तेव्हा एवढेच करा. विरार ते डहाणू रोड प्रत्येक स्थानकावर एक फलक लावायला सांगा: काम कोणते, कर्ज कोणाचे, किती, आणि तक्रार कुठे करायची. कर्जाच्या अटींपैकी पुनर्वसन आणि पर्यावरणाचा भाग मराठीत छापा. तक्रार व्यवस्थेतले दोघेजण वर्षातून एकदा पालघरला पाठवा, दुभाषा घेऊन, कंत्राटदाराची गाडी न घेता. ते कोणाला भेटले, काय ऐकले आणि त्यातले काय बदलले, ते नावे न घालता प्रसिद्ध करा. संचालक मंडळाची मंजुरी यातल्या एकालाही लागणार नाही असे मला वाटते. लागली तर तो ठराव मांडायला आपल्याइतके योग्य कोणी नाही.

आमच्या दिल्लीतल्या प्रतिनिधींनाही मी हे पत्र पाठवतो आहे. साडेसात टक्क्यांच्या मालकाने कर्ज मागण्यापलीकडेही तोंड उघडायला हरकत नसावी.

आपले उत्तर इंग्रजीत आले तरी चालेल, नातीकडून वाचून घेईन. स्थानकावरचा फलक मात्र मराठीतच हवा, आणि शक्य तर खाली वारलीतही.

कळावे,
पालघर जिल्ह्यातला एक पासधारक