ट्रेलर येण्याआधी राबलेल्या हातांचे आभार

मढच्या अरुंद रस्त्याने ट्रेलरवरून आलेलं २० बाय ८ फुटांचं तयार घर जागेवर बसलं. त्यामागच्या, नावं न विचारता राहून गेलेल्या माणसांचे मनापासून आभार.

पहिला मान घराच्या काँक्रीटच्या पायावर सलग सात दिवस पाणी मारणाऱ्या मावशींचा. इथल्या उन्हात काँक्रीट कोरडं पडलं की ताकद धरत नाही. मग गवंडीकाका. त्यांनी दोन्ही कर्ण मोजून २१ फूट साडेसहा इंच जुळवले, तेव्हाच बोल्ट रोवू दिले. कर्णात फरक राहिला तर पाया काटकोनात नसतो आणि बोल्ट घराच्या भोकांत बसत नाहीत. पातळी त्यांनी पाण्याच्या नळीने पाहिली, आधी तिच्यातले बुडबुडे काढून. बुडबुडा राहिला की माप खोटं येतं. पाया एका कोपऱ्यात जरी खाली गेला तरी सांगाडा पिळतो आणि दारं अडकतात. ही काळजी पैशाने मिळत नाही!

गल्लीतल्या पोरांनी आदल्या दिवशी केबलच्या लोंबत्या तारांची उंची मोजून दिली. ट्रेलरवर चढलेलं घर साधारण चार मीटर उंच होतं, ते लक्षात ठेवून. विजेच्या तारेला मात्र कुणी हात लावला नाही, हे फार बरं केलं.

आणि क्रेनचे पाय गटाराच्या झाकणावर येताहेत, हे ओरडून सांगणारे ते आजोबा. पाय सरकवले, खाली जाड लाकडी ठोकळे टाकले, मगच घर उचललं. आजोबा, तुमचे उपकार मोठे आहेत.