निशी-कासाईच्या दादांना, पुण्याच्या ड्रिफ्टिंगवाल्या मंडळींकडून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानून झाले, पण मन भरलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र. गाडी वळणावर मुद्दाम आडवी घसरवत नेणं, म्हणजे ड्रिफ्टिंग, हे आमचं वेड. 2025 च्या जानेवारीत टोकियो ऑटो सलोनला, म्हणजे बदल केलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, आलेल्या आम्हा मंडळींसाठी तुम्ही जे केलंत, ते चार लोकांना कळावं असं आम्हा सगळ्यांनाच वाटतंय.

तिकिटं, हॉटेल, रस्ता हे आजकाल मोबाईलवर जमतं. टोकियोतल्या तुमच्या निशी-कासाईहून तोझाई लाइनने निशी-फुनाबाशी, तिथे बदलून काइहिन-माकुहारी, एवढं आम्ही शोधलं असतं. माकुहारी मेस्सेचे ते अवाढव्य हॉल, गाड्यांचं रूप पालटणाऱ्या लिबर्टी वॉक कंपनीचे रुंद फेंडर, दिव्यांचा लखलखाट, सगळं डोळे भरून पाहिलं असतं, ढीगभर फोटो काढले असते आणि परत आलो असतो. गाड्या बांधणाऱ्या माणसांशी मात्र एक शब्द बोलणं झालं नसतं. तीन दिवसांत अडीच लाखांवर लोक येतात तिथे. त्या रेट्यात तुम्ही प्रत्येक स्टॉलपाशी थांबायचात, कमरेत वाकून नमस्कार करायचात, ही पोरं पुण्याहून आलीत, स्वतःच्या हाताने गाड्या बनवतात, असं जपानीत सांगायचात आणि मगच आमचा प्रश्न विचारायचात. समोरचा माणूस लगेच खुलायचा.

त्या छोट्या गॅरेजवाल्यांची पांढरी निसान एस-15 सिल्व्हिया आम्ही विसरूच शकत नाही. आजूबाजूला आरशासारखा रंग असलेल्या गाड्या, आणि हिचा पुढचा बंपर फुटलेला, केबल टायचे टाके घालून शिवलेला. रोज सर्किटवर राबणारी गाडी तशीच आणून उभी केली होती. तुम्ही दोन वाक्यं बोललात आणि ते पिकल्या केसांचे मेकॅनिक चक्क जमिनीवर बसले. कोणालातरी स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगितलं आणि बोटाने नकल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग, दाखवलं. आर्म कापून आखूड केलेला, वेल्ड त्यांच्या हाताचं. आर्म आखूड झाला की स्टिअरिंगची रॅक तेवढीच सरकूनही चाक जास्त वळतं, आणि गाडी आडवी गेल्यावर सावरायला हाच अँगल कामी येतो. पण हाव केली तर चाक टोकाला जाऊन अडकतं, परत येत नाही, म्हणून कुठे थांबायचं ते त्यांनी हाताने दाखवलं. टायर घासू नये म्हणून आतला पत्राही हातोड्याने ठोकून मागे सारला होता. आमच्या भोसरीच्या मित्राचं फॅब्रिकेशनचं काम आहे. त्याचे वेल्डिंगचे प्रश्न संपता संपत नव्हते. तुम्हाला त्यातलं काही ठाऊक नसताना प्रत्येक प्रश्न नीट समजून घेऊन पुढे पोचवलात. स्वतःला बघायचा असलेला हॉल तुमचा राहून गेला, हे आम्हाला नंतर वहिनींकडून कळलं.

वहिनींची थालीपीठं आम्ही बाहेर, समुद्राच्या बोचऱ्या वाऱ्यात खाल्ली. तेव्हा तुम्ही सांगितलंत की हे प्रदर्शन 1983 साली इनादा दाइजिरो यांच्या पुढाकाराने वेगळ्या नावाने सुरू झालं. ड्रिफ्टिंगवाल्यांची लाडकी टोयोटाची एई-86 बाजारात आली तीही त्याच वर्षी. पुढे याच इनादांनी ड्रिफ्टिंगसाठी गाजलेले रेसर केइची त्सुचिया यांच्यासोबत डी-1 ग्रां प्री ही ड्रिफ्टिंगची स्पर्धा उभी केली. घाटातल्या रस्त्यांवरच्या पोरांचं कसब रीतसर स्पर्धेत आलं ते त्यामुळे. मग आवारातच डी-1 च्या गाड्या धुराचे लोट सोडत आडव्या गेल्या, तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुराचं नव्हतं.

नात्स या नारिताच्या वाहन महाविद्यालयाच्या स्टॉलवर तुम्ही आम्हाला मुद्दाम नेलंत, याचे आभार वेगळे. विशीतली पोरं स्वतः कापून, जोडून, रंगवून गाडी उभी करतात आणि तिच्याशेजारी उभं राहून अनोळखी माणसाला सगळं समजावून सांगतात. बदल केलेली गाडीही नियमात बसवून, पासिंग करून रस्त्यावर आणायची सोय जपानमध्ये आहे. जमिनीपासून 9 सेंटिमीटरची उंची राखा, बदलांची नोंद करा, दर दोन वर्षांनी तपासणीला या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसी बुकात लिहिल्यापेक्षा गाडीच्या रचनेत फारसं काही बदलता येत नाही. सरसकट सूट कुणीच मागत नाही. मात्र शिकलेल्या हातांना तपासणीचा असा एखादा सरळ मार्ग इथेही मिळायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि हे आता आम्ही उदाहरणासकट बोलू शकतो.

भोसरीच्या शेडमध्ये जुन्या बीएमडब्ल्यूचं काम चालू आहे. त्या मेकॅनिककाकांनी कागदावर काढून दिलेली नकलची आकृती लॅमिनेट करून भिंतीवर लावली आहे. गाडी खासगी ट्रॅकवरच चालवणार, ती काळजी करू नका. काम झालं की व्हिडिओ पाठवतो, तो तेवढा त्यांना दाखवा आणि आमचा नमस्कार सांगा.

उन्हाळ्यात पुण्याला याल तेव्हा एक दिवस आमच्यासाठी राखून ठेवा. वहिनींनाही आणा.

तुमचीच,
पुण्याची मंडळी