एक नदी, दोन विद्यापीठे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मांजरा खोऱ्यातील विद्यापीठांनी मिळून हवामान बदलाचा सामाईक अभ्यासक्रम चालवण्याबाबत.

महोदय,

मांजराकाठच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षे भूगोल शिकवते आणि त्यातली बरीच वर्षे पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपरही माझ्याकडे आहे. हवामान बदल आमच्या मुलांना पुस्तकातून पटवून द्यावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते त्यांनी लहानपणी पाहिले आहे. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली कुजताना त्यांनी स्वतःच्या शेतात पाहिले आहे. या अनुभवाला मोजमापाची, नोंदीची आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या अनुभवाची जोड मात्र विद्यापीठाकडून मिळत नाही. ती मिळावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्याच धरणाचे पाणी पिते. पुढे ती कर्नाटक आणि तेलंगणातून वळसा घेऊन नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. आता विद्यापीठांचा नकाशा याच नदीवर ठेवून पाहावा. बीड आणि धाराशिव हे जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात, तर लातूर आणि नांदेड हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे धरण एका विद्यापीठात आणि नळ दुसऱ्या विद्यापीठात. १९९४ पर्यंत हा सारा मुलूख एकाच विद्यापीठाखाली होता. नांदेडचे विद्यापीठ झाले ते योग्यच झाले, कारण त्याआधी आमच्याकडच्या मुलांना एका गुणपत्रिकेसाठी दोन-दोन दिवस मोडावे लागत. पण कारभाराच्या सोयीसाठी आखलेली ती रेघ अभ्यासाचीही सीमा होऊन बसली. पाण्याचा आणि पिकांचा सर्वांत जुना शास्त्रीय अनुभव ज्यांच्यापाशी आहे, ते परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तर आपल्या विभागाकडेच नाही; ते कृषी विभागाच्या अखत्यारीत येते.

ही रेघ ओलांडल्यावर काय घडते, ते मी एकदा पाहिले आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात, कोणत्याही विद्यापीठाच्या आदेशाविना, आमच्या महाविद्यालयातली आणि नदीच्या खालच्या अंगाच्या एका महाविद्यालयातली मिळून तीसेक मुले आम्ही धनेगावच्या परिसरात तीन दिवस नेली. काम साधे होते. वीस विहिरींची पाणीपातळी मोजायची, शेजारी कोणते पीक आहे ते लिहायचे आणि विहिरीच्या मालकाशी बोलायचे. टेपच्या टोकाला वजन बांधायचे, शेवटच्या मीटरला खडू फासायचा, टेप खाली सोडायचा आणि वर काढल्यावर खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचे. एका विहिरीवरचे आजोबा पातळी मीटरमध्ये सांगत नव्हते, परसांत सांगत होते. परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची. १९७२ साली ही विहीर आठ परसांवर गेली होती पण आटली नव्हती, असे ते म्हणाले, तेव्हा मुलांनी परसांचे मीटर केले आणि त्या विहिरीच्या कागदावर पन्नास वर्षांपूर्वीची एक नोंद चढली, जी आम्हांला दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात मुले बोलत बसली होती. लातूरची एक मुलगी २०१६ च्या उन्हाळ्याबद्दल सांगत होती : आई पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न पाणी आले का हाच असायचा. धरणाच्या बॅकवॉटरलगतच्या गावातला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, “त्याच वर्षी आमच्या मोटारींची वीज तोडली होती. उभा ऊस वाळला. लातूरला पाणी पाहिजे म्हणून तोडली, असं बाबा सांगायचे.” दोघांनी एकच दुष्काळ काढला होता आणि नऊ वर्षे एकमेकांचा दुष्काळ त्यांना ठाऊक नव्हता. पुढचे दोन दिवस ती दोघे एकाच गटात मोजणी करत होती. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न बावीस वर्षांत माझ्या एकाही तासाला इतका स्पष्ट झाला नव्हता, हे मी मनापासून सांगते.

आता, आमच्याकडे एरवी काय चालते तेही आपल्यापुढे ठेवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यासंबंधी निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पन्नास तासांचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात क्षेत्रभेटीला पाच तास होते आणि तिला शंभरपैकी पंचवीस गुण होते. ते पाच तासही बहुतेक ठिकाणी झाले नाहीत. महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतो, मुले वरचे पान बदलतात आणि आम्ही सही करतो. मीही अशा वह्यांवर सह्या केल्या आहेत, कारण एका तुकडीत एकशेवीस मुले असताना आणि शिकवायला मी एकटी असताना दुसरा मार्ग मला दिसला नाही. त्याची खंत आजही आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंलग्न उपक्रम यांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) मिळाले, ही मोठी संधी आहे. मात्र तीच झेरॉक्सची वाट पुन्हा मळू लागली आहे, आणि ती मळण्याआधीच तिला आडवे जायला हवे.

विद्यापीठांमध्ये सहकार्य नाही असे कोणी म्हणणार नाही, कारण सामंजस्य करारांच्या फायली भरलेल्या आहेत. महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी करार होतात, दोन्ही बाजूंचे लोक फाईल धरून छायाचित्र काढतात आणि मग त्या करारातून एकही मूल दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवत नाही. मला करारांचा राग नाही. पण करार कुठल्या तरी कामासाठी व्हावा. काम नसेल तर सही कशावर होते? दोन विद्यापीठांमध्ये नदी ही तयार असलेली कामाची जागा आहे.

या नोंदींचा उपयोग काय, असा प्रश्न आपल्या विभागात विचारला जाईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तो पाया भक्कम आहे, पण गावातल्या बाकीच्या विहिरी त्यात येत नाहीत. पावसाचे स्वयंचलित यंत्र महसूल मंडळाला, म्हणजे बऱ्याच गावांना मिळून, एक असते. मंडळाच्या एका टोकाला ढगफुटीसारखा पाऊस होतो, यंत्र दुसऱ्या टोकाला कोरडे राहते, आणि विम्याच्या वेळी शेतकऱ्याजवळ दाखवायला काहीच नसते. मुलांच्या नोंदी सरकारी यंत्रणेची जागा घेणार नाहीत आणि घेऊही नयेत. तरीही एकाच पद्धतीने, एकाच खोऱ्यात, दरवर्षी केलेल्या दोनशे विहिरींच्या आणि पन्नास साध्या पर्जन्यमापकांच्या नोंदी दहा वर्षांनी ग्रामपंचायतीच्या हाती असल्या, तर जलसंधारणाचा आराखडा करताना अंदाजाने बोलण्याची वेळ येणार नाही. शिवाय त्या नोंदी ज्या मुलाने केल्या तो बहुधा त्याच गावात राहणार आहे.

अडचणी कोणत्या आहेत हे वर्गातून जास्त चांगले दिसते, म्हणून त्या सविस्तर लिहिते. पहिली अडचण वेळापत्रकाची. विहिरीची पातळी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा मोजली तरच तिला अर्थ येतो. पण मे महिन्यात सत्र संपलेले असते, मुले घरी गेलेली असतात आणि त्या कामाचा श्रेयांक कोणत्याही सत्रात बसत नाही. ऑक्टोबरमध्ये परीक्षा डोक्यावर असते आणि घरी सोयाबीनची काढणी असते. तेव्हा हा अभ्यासक्रम सत्राचा न ठेवता वर्षाचा ठेवावा लागेल.

दुसरी अडचण शिक्षकांची आहे आणि ती सर्वांत मोठी आहे. मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत रिक्त पदांमुळे अर्धे अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापक करतात. त्यांना वर्गातल्या तासाचे मानधन मिळते. विहिरीवर घालवलेल्या दिवसाचे मिळत नाही. धनेगावच्या त्या तीन दिवसांत माझ्याबरोबर आलेले दोन सहकारी तासिका तत्त्वावरचे होते. त्यांनी एसटीचे भाडेही स्वतःच्या खिशातून दिले आणि त्या महिन्याचे मानधन त्यांना चार महिन्यांनी मिळाले. अशा माणसांच्या भरवशावर हवामान शिक्षणाचे धोरण उभे राहू शकत नाही. क्षेत्रकार्याचे तास अध्यापनाच्या तासांइतकेच धरले गेले नाहीत, तर बाकी सारे कागदावर राहील.

श्रेयांकांची देवाणघेवाण ही अडचण मात्र मला खरी वाटत नाही. विद्यार्थ्याचे वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक एका खात्यावर साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची व्यवस्था २०२१ पासून आहे. नांदेडच्या मुलाने संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होण्यात तांत्रिक अडसर नाही. दोन्ही अभ्यासमंडळांनी एकत्र बसून एक पाठ्यक्रम मान्य करणे, एवढेच बाकी आहे, आणि तसे आजवर घडलेले मी पाहिलेले नाही.

पाण्याला धरून विद्यापीठे एकत्र येण्याची कल्पना माझी नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९१ मध्ये बाल्टिक युनिव्हर्सिटी प्रोग्रॅम सुरू झाला. बाल्टिक समुद्राच्या खोऱ्यातल्या वेगवेगळ्या देशांमधली विद्यापीठे त्यात आली, शीतयुद्धात दोन बाजूंना असलेले देशही आले, आणि तिथले विद्यार्थी त्या एका प्रदूषित समुद्राचा एकत्र अभ्यास करू लागले. आम्हांला देशांच्या सीमा ओलांडायच्या नाहीत, केज आणि लातूर यांच्यामधला रस्ता ओलांडायचा आहे. दूर कशाला जायचे, २०१६ मध्ये आपल्याच विभागाने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले आणि महाविद्यालयांनी जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत, हे तत्त्व शासकीय पातळीवर मान्य झाले. त्याचा भर जिल्ह्यावर होता. माझी विनंती इतकीच आहे की तेच तत्त्व खोऱ्याला लावावे, आणि कला व वाणिज्य शाखांच्या मुलांनाही त्यात घ्यावे, कारण ग्रामीण भागात बहुसंख्य मुले तिथेच शिकतात.

विद्यापीठे स्वायत्त आहेत आणि पाठ्यक्रम मंत्रालयातून ठरू नये, याच मताची मी आहे. तरीही तीन गोष्टी आपल्याच हाती आहेत. कुलगुरूंच्या संयुक्त मंडळापुढे मांजरा खोऱ्याचा हा सामाईक अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात दोन वर्षांसाठी ठेवण्याची सूचना आपण करू शकता. परभणीच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेण्यासाठी कृषी मंत्र्यांशी आपण बोलू शकता. दोन विभागांच्या मधला तो उंबरठा प्राध्यापकांना ओलांडता येत नाही. आणि क्षेत्रकार्याच्या तासांना मानधन व विद्यार्थ्यांना एसटीच्या प्रवासाचा खर्च मिळेल, असा शासन निर्णय आपला विभाग काढू शकतो. हे जमले तर पुढे बिदर आणि तेलंगणातल्या विद्यापीठांशीही बोलता येईल, कारण नदी तिथूनही जाते. पण तो नंतरचा विषय आहे.

अभ्यासमंडळांच्या बैठका उन्हाळ्यापूर्वी होतात. त्याआधी सूचना आली, तर जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांना हा अभ्यासक्रम निवडता येईल. ती न आली तरी येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा धनेगावला जाणार आहोत. त्याच वीस विहिरी, तेच टेप, आणि गेल्या वर्षीच्या कागदांच्या प्रती सोबत असतील. त्या दोघांनी, लातूरच्या मुलीने आणि बॅकवॉटरकडच्या मुलाने, नवीन मुलांना मोजणी शिकवण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आहे. आपल्याला एखादा दिवस काढता आला, तर सकाळी सात वाजता यावे. नऊनंतर विहिरीच्या काठावर उभे राहवत नाही.

आपली विश्वासू,
मांजराकाठच्या एका महाविद्यालयातील भूगोलाची प्राध्यापिका