कालनिर्णयच्या पानांवरच्या फुल्या

चरई, ठाणे
रविवार, सकाळ

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री ऐरोली स्टेशनवरून तुझा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "आई, इंडिकेटरवर पनवेलचं नुसतं 'वेल' दिसतंय, आणि कडेला काहीतरी चमचमतंय," असं तू म्हणालास. तुला बाकावर बसायला सांगितलं, गाडी गेली तर जाऊ दे म्हटलं. इकडे तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांनी तुझा पुन्हा फोन आला की आता नीट दिसतंय, पण उजवीकडे ठणका सुरू झालाय आणि मळमळतंय. तेव्हा माझी खात्री पटली. ही अर्धशिशी आहे, आणि ती तुला माझ्याकडून आली आहे. आईवडिलांपैकी एकाला असली तर मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना येते असं डॉक्टर सांगतात. बायकांमध्ये तिचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट असतं, म्हणून तुला ती होईल असं कधी मनातही आलं नाही.

आणि इथेच मला तुझी माफी मागायची आहे. तू चौथी-पाचवीत होतास तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी तुझ्या पोटात दुखायचं. चेहरा पांढराफटक व्हायचा, एखादी उलटी व्हायची, दुपारी झोपून उठलास की खेळायला पळायचास. शाळा बुडवायचे बहाणे म्हणून मी रागवायचे. एकदा तर तशाच अवस्थेत तुला रिक्षात घालून शाळेत सोडून आले होते. लहान मुलांत अर्धशिशी कधीकधी अशी पोटातून येते, डोकं दुखतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. बसमध्ये तुला लागायचं, तेही अर्धशिशीच्या घराण्यांत बरंच दिसतं. मला स्वतःला ती असून मी तुझी ओळखली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी तरी कुठे ओळखली होती म्हणा. आपल्याकडे या दुखण्याला पित्त म्हणायची रीत आहे. डोकं दुखतं, उलटी होते, उलटी झाली की जरा बरं वाटतं, म्हणजे पित्तच, असं आजीसुद्धा म्हणायची आणि मीही मानायचे. सोळा वर्षं मी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. मध्ये कोणी सायनस म्हणालं, कोणी चष्म्याचा नंबर म्हणालं. सुंठेचा लेप लावून लावून कपाळाची कातडी सोलवटली. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायचा उपायही बाबांनी महिनाभर केला. पहाटे उठून ते जांभळी नाक्याकडे जिलेबी शोधत फिरायचे. त्या महिन्यात मला खरंच थोडं बरं होतं. जिलेबीत औषध होतं असं मला वाटत नाही. रोज ठरल्या वेळी उठणं झालं आणि सकाळी पोट रिकामं राहिलं नाही, त्याचा तो गुण असावा.

मी तेव्हा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहायला जात होते, तुला आठवतच असेल. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू होईपर्यंत मी ठाणे-बेलापूर रोडने बसने जायचे. गाळ्यात मिरचीची पोती, धणे, हिंग. वाटेत कारखान्यांचा उग्र वास. त्यामुळे घरीदारी सगळ्यांचं एकच मत की या मसाल्याच्या वासानेच हिचं डोकं उठतं. मी नोकरी सोडायचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. दोन महिने तो तसाच पर्समध्ये फिरला.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, "कोणत्या दिवशी दुखतं?" मी म्हटलं, केव्हाही. त्या म्हणाल्या, केव्हाही असं नसतं, लिहून आणा. मग मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने फुल्या मारायला सुरुवात केली. शेजारी चार शब्द: कधी झोपले, कधी खाल्लं, चहा किती, पाळी कधी. तीन महिन्यांनी भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं, टेबलावर पसरलं आणि बघतच राहिले. मार्केटमध्ये सगळ्यात जास्त राबले त्या दिवसांवर फुल्या अगदी थोड्या होत्या. फुल्या होत्या रविवारी, संकष्टीला, आणि पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत.

रविवारी मी साडेआठपर्यंत झोपायचे. एरवी पाचला उठायचे. गाळ्यावर दिवसाला चार-पाच कटिंग व्हायचे, रविवारी दोनच कप. चहाची सवय लागलेल्या डोक्याला चहा मिळाला नाही की दिवसाच्या आत ते दुखू शकतं. संकष्टीला दिवसभर एक केळं, आणि चंद्रोदय कधी नऊला, कधी साडेनऊला. पाळीच्या आधी अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम खाली येतं, ते तर कुणाच्याच हातात नव्हतं. अर्धशिशीच्या मेंदूला रोजच्या चाकोरीतला बदल सोसत नाही, असं बाई म्हणाल्या. जास्त झोप झाली तरी दुखतं, कमी झाली तरी दुखतं.

आणि वास? बाईंनी विचारलं, गाळ्यात रोज तोच वास असतो, मग रोज का दुखत नाही? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काहींचं डोकं वासाने उठतं हे खरं आहे. माझ्या बाबतीत मात्र उलटं होतं. अर्धशिशी आत सुरू झालेली असायची आणि म्हणून एरवीचा वास असह्य व्हायचा. ठणका लागायच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीही, तिची चाहूल लागते: सारख्या जांभया, मान धरणं, चिडचिड, गोडाची वखवख. मी आदल्या रात्री डब्यातला गूळ खात बसायचे आणि दुसऱ्या दिवशी गुळाला दोष द्यायचे. चॉकलेटने डोकं दुखतं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं असंच होत असेल. तेव्हा फुल्या मारताना घाई करू नकोस. एकदा झालं म्हणून तो पदार्थ बंद, असं करत गेलास तर ताटात काही उरणार नाही. आणि एकेकटं कारण बहुतेक वेळा पुरतही नाही. नुसतं जागरण झालं तर मी निभावून न्यायचे. जागरण, उपास आणि ऑक्टोबरचं ऊन एकत्र आलं की मात्र आडवी व्हायचे. पाळी टाळता येत नाही, म्हणून त्या दोन दिवसांत मी बाकीचं सगळं सांभाळायला लागले. नोकरीचा अर्ज फाडून टाकला.

आता तुझं बघू. तुझी एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. कोपरखैरण्याच्या खोलीवर तुम्ही चौघे, स्वयंपाक कोणीच करत नाही, रात्रीचं जेवण बारानंतर. डोकं उठायला आणखी काय हवं? पाळ्या बदलता येतील का ते साहेबांना विचार. डॉक्टरांची चिठ्ठी लागली तर ती आपण घेऊ. तोवर बॅगेत शेंगदाण्याचा लाडू आणि पाण्याची बाटली ठेवायची, सुट्टीच्या दिवशीही रोजच्या वेळेच्या तासाभराच्या आत उठायचं.

तुला ते चमचमणारं दिसतं, मला ते कधी दिसलं नाही. सगळ्यांना दिसत नाही. त्याला ऑरा म्हणतात. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणं घडतं तिथे, मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर इतक्या संथपणे सरकत जाते, आणि ती जिथून जाते तिथलं काम थोडा वेळ थंडावतं. म्हणून तुला आधी 'पन' दिसेनासं झालं आणि मग नागमोडी रेषा कडेला सरकत गेल्या. १९४४ साली लिआव नावाच्या ब्राझीलच्या संशोधकाने सशांच्या मेंदूत अशी लाट पाहून ठेवली होती. परवापासून मी हे तीनदा वाचलं. तुझ्या डोळ्याला काही झालेलं नाही हे कळल्यावर रात्री झोप लागली. पण ऑरा सुरू असताना बाईकला हात लावायचा नाही, रूळ ओलांडायचे नाहीत. सिगारेट ओढतोस का ते मी विचारत नाही, ओढत असशील तर आजपासून बंद. ऑरा असलेल्यांना पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो आणि सिगारेटने तो वाढतो.

तू म्हणालास, केमिस्टकडून घेतलेली गोळी आठवड्यात चार दिवस खातो. या वाक्याने मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी दोन वर्षं तेच केलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, मिश्र गोळ्या (एकीतच दोन-तीन औषधं असतात त्या) किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. आठवड्यात चार म्हणजे महिन्यात सोळा-सतरा, तू मोजून बघ. माझ्या गोळ्या बाईंनी एकदम बंद केल्या. पहिले आठ दिवस मी अंधाऱ्या खोलीत काढले. बाबांनी घंटेची वायर काढून ठेवली होती, आणि तू टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचास. महिन्याभरात वीस दिवसांचं दुखणं सहा दिवसांवर आलं. पुढे रात्री एक बारीक गोळी वर्षभर घेतली. तोंड कोरडं पडायचं, पण फुल्या दोन-तीनवर आल्या. अशी रोज घ्यायची औषधं बरीच आहेत, आणि ज्याला दमा आहे त्याला एक चालत नाही, ज्याला आणखी काही आहे त्याला दुसरं. ती डॉक्टरांनीच निवडायची. माझी जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून तीच गोळी आणलीस तर मला आवडणार नाही.

ठणक्यावरची गोळी लवकर घ्यायची हे मात्र लक्षात ठेव. अर्धशिशीत पोटाचं कामही मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते आणि उलटीबरोबर बाहेर येते. मी "बघू, थांबेल" म्हणत दोन तास घालवायचे आणि मग दोन दिवस जायचे. ट्रिप्टान दिलीच तर ती ऑरात घ्यायची नसते, ठणका सुरू झाला की घ्यायची. मग दिवा बंद, कपाळावर बर्फाची पिशवी, आल्याचा तुकडा चघळायला. ओढणी घट्ट बांधली की मला अजूनही बरं वाटतं, तूही रुमाल बांधून बघ, कोणी हसलं तर हसू दे.

कधी क्षणात विजेसारखं डोकं फुटल्यागत दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हात-पाय लुळा वाटला, बोबडी वळली, किंवा ऑरा तासाभरात गेला नाही, तर मला फोन करत बसू नकोस. मित्रांना घेऊन सरळ हॉस्पिटल गाठ. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला त्याच बाईंची वेळ घेतली आहे. शुक्रवारी रात्रीच घरी ये, बाबा ठाणे स्टेशनवर दहा नंबरच्या बाजूला उभे राहतील. मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर शोधून ठेवलंय आणि तुझ्यासाठी नवीन आणलंय, लाल पेन त्याला दोऱ्याने बांधलंय. परवाच्या शुक्रवारची पहिली फुली मी मारून ठेवली आहे. शेजारी काय लिहायचं ते तू आठव: त्या दिवशी जेवलास कधी?

तुझी,
आई