सोनूची शाळा सुरू होतेय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं नीट होत नाही. मी विषय काढला की बाबा ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून फोन आईकडे देतात, आणि आईचा आवाज कापरा झाला की माझंही बोलणं अडतं. म्हणून लिहायला बसले. सोनूच्या शाळेच्या संमतीपत्रावर आम्ही दोघांनी सही केली आहे. सोमवारपासून तो शाळेत जाईल. आणि तो जायला लागला की सुरुवातीला तरी दुपारी तुमच्याकडे राहायला येणार नाही. शाळेचं तुम्हाला पटणार नाही, पण लागेल ते हे दुसरं, हे मला कळतंय.

बाबा, तुमचं म्हणणं मी कानाआड केलेलं नाही. मुलांना कोरोनाची लस मिळेपर्यंत थांबा, तुझंही कावीळ झाली तेव्हा वर्ष बुडालं होतं, काय अडलं? खरंच काही अडलं नाही. पण तेव्हा शाळा सुरू होती, बाबा. मैत्रिणी वह्या आणून द्यायच्या, बाई घरी येऊन उशाशी बसायच्या, वर्गात माझी जागा कोणी घेत नव्हतं. मी बरी झाले आणि सगळं जिथल्या तिथे सापडलं. सोनूला परत जायला तसं काही नाहीच. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो बालवर्गात होता, आता दुसरीत आहे. परवा त्याने मला विचारलं, “आई, मॅडम किती उंच आहेत?” ऑनलाइन वर्गात त्याने त्यांना कायम खांद्यापर्यंतच पाहिलंय. वाचायला तो छान शिकलाय, त्याचं श्रेय आईचं. पण चार ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणून पेन्सिल ठेवून देतो, आणि उत्तर येत असलं तरी माईक सुरू करत नाही. हे घरी बसून सुधारेल असं मला वाटत नाही.

आई म्हणाली होती, आधी दुसऱ्यांची मुलं जाऊ देत. अगं, ती कधीच गेली. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० लाच लहान मुलांच्या शाळा उघडल्या, मुलांचे छोटे गट करून, बाकं लांब लांब ठेवून, सारखे हात धुवायला लावून. स्वीडनने तर पहिल्या लाटेत सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा बंदच ठेवल्या नाहीत. यावर बाबा म्हणतील की त्या देशांची लोकसंख्या ती केवढी, आणि तेव्हा कोरोनाचा हा झपाट्याने पसरणारा डेल्टा प्रकार नव्हता. बरोबर आहे. म्हणून मी नुसती त्यांच्याकडे बघून सही केली नाही, शाळेत जाऊन वर्ग बघून आले. निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. खिडक्या दोन्ही बाजूंना आणि त्या खरंच उघडतात, मी स्वतः उघडून पाहिल्या. हा विषाणू कोंदट खोलीत हवेत रेंगाळतो, त्यामुळे मला जंतुनाशकाच्या बाटल्यांपेक्षा त्या खिडक्यांनीच जास्त धीर दिला. युनिसेफ आणि युनेस्को या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी जुलै २०२१ मध्ये एकत्र निवेदन काढलं, की शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हाव्यात आणि सगळ्यात आधी उघडाव्यात, सगळ्यांचं लसीकरण होण्याची वाट बघू नये. साथ सुरू होऊन अठरा महिने उलटले तरी जगात जवळजवळ ७ कोटी ७० लाख मुलांच्या शाळा जवळपास पूर्ण बंद होत्या, हा आकडा युनिसेफने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या वर्गातल्या पालकांचंही एकमत नाही. ज्यांना रोज कामावर जावं लागतं आणि घरी एकच फोन आहे, ते कधीपासून शाळा उघडा म्हणतायत. ज्यांच्या घरी म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, ते थांबा म्हणतात. एका आईने घरातलं माणूस गमावलंय, तिने ‘नाही’ एवढंच लिहिलं. तिला कोणी काही समजावायला गेलं नाही, जाऊही नये. थांबा म्हणणाऱ्यांना शिक्षणाची किंमत नाही असं कोणी बोललं की मला राग येतो. घरात जपायला कोण आहे, यावर प्रत्येकाचं उत्तर ठरतं. माझ्याकडे जपायला सोनू आहे आणि तुम्ही दोघं आहात.

मुलांना हा आजार सहसा सौम्य होतो, पण ती तो घरी आणू शकतात. तुमचे दोन्ही डोस झालेत, त्यामुळे दुखणं गंभीर होण्याचा धोका पुष्कळ कमी झालाय, पण लागण होणारच नाही असं नाही. बाबांची शुगर आणि आईचा दमा मी विसरू शकत नाही. त्याला घरी ठेवून तुमच्याकडे पाठवायचं, की शाळेत पाठवून तुमच्यापासून थोडं लांब ठेवायचं, यातलं दुसरं आम्ही निवडलं. तुमची अडचण होते म्हणून नाही, आई. असं मनातसुद्धा आणू नकोस.

तुमचं काही अडणार नाही. औषधं दादा महिन्याची एकदम आणून देईल, किराणा दारात येईल, बाबांचं वर्तमानपत्र सुरूच राहील. रविवारी आम्ही अंगणात येऊ, मास्क लावून, खुर्च्या लांब टाकून. सोनू धावत येऊन गळ्यात पडायला बघेल, तेव्हा त्याला मी आवरेन, तुम्ही मन घट्ट करा. संध्याकाळी फोनवर आईची गोष्ट रोज हवी, त्याशिवाय तो झोपत नाही. खरं सांगू का, मलाही ती ऐकायची असते. काविळीत अंगात त्राण नसायचं तेव्हा तू माझ्या केसांतून हात फिरवत सांगायचीस आणि बाबा पायाशी बसून मधेच चुका काढायचे. तेवढ्यासाठी मी आजारी राहायलाही तयार होते.

आता ऐका. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर कपाटात ठेवायला दिलेला नाही. जरा बरं वाटेनासं झालं की लावायचा, बोट गार असेल तर आधी चोळून गरम करायचं, आणि आकडा ९४ च्या खाली गेला की रात्र असो, दिवस असो, आधी डॉक्टरांना फोन आणि लगेच मला. ताप लपवायचा नाही. बाबा, हे तुम्हाला. ‘तिला कशाला घोर’ म्हणून तुम्ही गेल्या वेळी जे केलंत ते पुन्हा चालणार नाही. मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नको. फिरायला जरूर जा, पण बाकावर मित्रांना खेटून गप्पा नकोत. आई, तुझा पंप उशाशी हवा, दुसऱ्या खोलीत नाही.

हे कायमचं नाही. वर्गात कोणाला लागण झाली तर सोनू त्याच दिवसापासून घरी. रुग्ण पुन्हा वाढायला लागले तर मी स्वतः जाऊन संमती मागे घेईन, शाळेने तशी मुभा ठेवली आहे. पहिले काही आठवडे नीट गेले की त्याच्या दुपारचं पुन्हा ठरवू, आणि ते तुम्हाला विचारूनच.

सोमवारी रात्री जेवणं लवकर उरकून फोनपाशी बसा. शाळेत काय काय झालं ते त्याला तुम्हालाच आधी सांगायचंय, मला नाही. आणि बाबा, साताचा पाढा अजून अडतोय, तो तेवढा म्हणवून घ्या.

तुमची,
छोटी